मदतीला जायचं तर प्रार्थनेलाही उभं राहायचं का? (हेलीननंतरचं स्वॉनानोआ आणि आमचं मंडळ)

सायली_शार्लट

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटला राहतो. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांवर येऊन रिकामं झालं. समुद्र कुठल्या कुठे, गाव दोन हजार फुटांवर. तिथे चक्रीवादळाला कोण कशाला घाबरेल? पूरविमा जवळजवळ कुणाकडेच नव्हता. ॲशव्हिलला फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या पुराची खूण मागे टाकली. नळाला पिण्याजोगं पाणी यायला ५३ दिवस लागले. ॲशव्हिलच्या जरा अलीकडे स्वॉनानोआ म्हणून गाव आहे, त्याची तर नदीकाठची पट्टीच्या पट्टी पुसली गेली.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या चर्चची टीम तिथे दर शनिवारी घरं बांधायला जाते. तिच्याबरोबर मी तीनदा जाऊन आले. सकाळी साडेसातला गोल करून उभं राहायचं, पाच मिनिटं प्रार्थना, मग कामं वाटायची. जेवणाआधी पुन्हा प्रार्थना. घर पूर्ण झालं की सगळे जमून त्या घरासाठी एकदा. बाकी दिवसभर कुणी देवाचं नाव काढत नाही, फक्त "टेप कुठे ठेवलीस?"

मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की आपले दहाबारा जण जाऊ या. आणि जे पेटलं! एक बाजू म्हणते, हे धर्मांतराचं दुकान आहे, आपण फुकटचे नोकर कशाला व्हायचं. दुसरी म्हणते, जाऊ, पण वेगळं, आपल्या देवळातर्फे, आपला बॅनर घेऊन. तिसरी म्हणते, पैसे घ्या पण शनिवार मागू नका (पोरांचं सॉकर).

माझ्यापुरतं सांगते. २०१७ मध्ये आम्ही ह्यूस्टनला होतो. हार्वे वादळाचा पाऊस ओसरत आला, आपण वाचलो असं म्हणेपर्यंत २८ ऑगस्टला पहाटे ॲडिक्स आणि बार्कर या दोन धरणांतून पाणी सोडायला लागले आणि आमच्या घरात कमरेएवढं पाणी आलं. परतलो तेव्हा चिखल, फुगलेली कपाटं आणि तो वास. तिसऱ्या दिवशी पिवळे शर्ट घातलेले नऊ जण दारात. सरासरी वय पासष्ट असेल. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळं सामान रस्त्याकडेला काढलं, चार फुटांपर्यंत शीटरॉक (म्हणजे ड्रायवॉल, भिंतीचे जिप्समचे तक्ते) कापलं, आतला ओला कापूस उपसला. जाताना विचारलं, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? नवरा हो म्हणाला. ते डोळे मिटून बोलत होते आणि मी मनात रामरक्षा म्हणत होते, कारण दुसरं काही येतच नाही.

तर प्रश्न दोन. तुम्ही गेला असतात का? आणि माझ्या जागी, त्या चिखलात उभे असतात, तर हो म्हणाला असतात का?

बाळू_कट्टेकरी

पहिला! पॉपकॉर्न ठेवलंय मायक्रोवेव्हमध्ये.

टेक्सासतात्या

सायली, वास हा शब्द वाचला आणि नाकात तोच वास आला. आम्हीही तेव्हा त्याच बाजूला. दोन गल्ल्या वर असल्याने वाचलो आणि त्या वाचल्याच्या लाजेने दोन महिने लोकांच्या घरचं शीटरॉक फोडत हिंडलो.

मुंबईकरांसाठी मापं: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी. हार्वेचा सगळ्यात जास्त पाऊस नेदरलँड नावाच्या टेक्सासमधल्याच गावी, ६०.५८ इंच, म्हणजे दीड हजार मिमीच्या वर. फरक इतकाच की तो चारपाच दिवस ठाण मांडून पडला. वादळ हलायलाच तयार नव्हतं. पाहुणा असा असावा की निघतो म्हणून चपला घालतो आणि दारातच तासभर बोलतो.

त्या दिवसांत आम्ही माणसं शर्टाच्या रंगावरून ओळखायला शिकलो. पिवळा म्हणजे बहुधा सदर्न बॅप्टिस्ट (एक मोठा प्रोटेस्टंट पंथ). पण मॉर्मन लोकांचाही पिवळाच, त्यामुळे गोंधळ. भगवा दिसला म्हणून मी आनंदाने "राम राम" म्हणायच्या बेतात होतो, तर ते समॅरिटन्स पर्स या ख्रिस्ती मदतसंस्थेवाले निघाले. मशिदींनी आपली दारं निवाऱ्यासाठी उघडली होती, गुरुद्वारात लंगर होता, सेवा इंटरनॅशनलची आपली पोरं होड्यांपासून डब्यांपर्यंत सगळीकडे होती. विद्यापीठाजवळ दोनशेएक भारतीय विद्यार्थी अडकले होते, त्यांच्यासाठी आपल्या लोकांनी घरोघरी पोळ्या लाटल्या. बायकोचे हात त्या आठवड्यात पिठातून बाहेरच आले नाहीत.

बॅप्टिस्टांचं हे काम १९६७ च्या ब्यूला वादळानंतर सुरू झालं, तेही टेक्सासमध्येच. सुरुवात साध्या चुलीवर गरम जेवण करून वाटण्यापासून. आज त्यांची स्वयंपाकघरं ट्रेलरवर असतात आणि दिवसाला हजारोंनी ताटं काढतात. जेवण बरंच वेळा ते रांधतात आणि वाटायला रेडक्रॉसची गाडी असते. खाणाऱ्याला हे कळतही नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: गेलो असतो. गेलोही आहे.

निरीश्वर_पाटील

मी वेगळं बोलणार आहे, आधीच सांगतो.

"प्रार्थना ऐच्छिक असते" हे वाक्य मला पटत नाही. ज्याच्या घरात चिखल आहे, ज्याचं काम नुकतंच नऊ माणसांनी फुकट केलंय, त्याला "चालेल का?" विचारल्यावर तो काय "नाही चालणार" म्हणेल? सायलीताई, तुमच्या मिस्टरांनी हो म्हटलं ते भिडेपोटी. तुम्ही मनात रामरक्षा म्हणालात, म्हणजे कुठेतरी खटकलंच ना?

दुसरं. आपत्तीनंतरचं पुनर्वसन हे सरकारचं काम आहे. चर्च ते करतं म्हणून सरकार हात झटकतं. उलट २०१८ च्या जानेवारीत फेमाने (केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याने) नियम बदलून नुकसान झालेल्या प्रार्थनास्थळांनाही मदत खुली केली, टेक्सासमधल्या चर्चेस कोर्टात गेल्यानंतर. म्हणजे पैसा करदात्याचा आणि पुण्य त्यांचं.

सायली_शार्लट

@निरीश्वर_पाटील, भिडेपोटी होतं, कबूल. पण रामरक्षा खटकलं म्हणून म्हटली नाही हो. सगळे डोळे मिटून उभे असताना मी नुसती छताकडे बघत राहणं बरं दिसलं नसतं. छतही उरलेलं नव्हतं म्हणा, नुसते वासे होते.

बाळू_कट्टेकरी

रामरक्षा आणि येशू एकाच खोलीत, वर वासे. हा प्रसंग मी मंडळाच्या एकांकिका स्पर्धेसाठी राखून ठेवतोय. हलके घ्या.

मोहनकाका_उदगीर

मी किल्लारीला होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक थकून झोपलेले. तेव्हा मी कॉलेजात, आम्ही दुसऱ्या दिवशी ट्रकने गेलो. काय पाहिलं ते इथे लिहीत नाही.

एवढं सांगतो की पहिल्या पंधरा दिवसांत माणसांचा पूर होता. संघाचे, जमाते इस्लामीचे, ख्रिस्ती संस्थांचे, जैन संघटनेचे, साईभक्तांचे, कुणाकुणाचे. शांतिलाल मुथांनी तिथली शेकडो मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, ती शिकून मोठी झाली. कपड्यांचे तर डोंगर झाले होते. मुंबईहून आलेल्या गाठोड्यांत मी स्वतः नायलॉनच्या पार्टीतल्या साड्या पाहिल्या. आमच्या नऊवारीतल्या म्हाताऱ्या त्या हातात घेऊन नुसत्या बघायच्या. पुढे पावसात ते ढीग कुजले.

घरं बांधायची वेळ आली तेव्हा बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरली. पैसा जागतिक बँकेचा आणि सरकारचा, काही गावं संस्थांनी दत्तक घेतली. घरं चांगली मजबूत झाली. पण रांगेत, शहरातल्या कॉलनीसारखी. गुरं कुठे बांधायची? कडबा कुठे ठेवायचा? वाड्याला चौक असायचा, तो कुठे? विचारलंच नव्हतं कुणी. लोकांनी मग स्वतःच पुढे पत्रे टाकून गोठे काढले.

म्हणून माझा प्रश्न प्रार्थनेचा नाही. ते लोक घरमालकाला विचारतात का, की बाई तुला ओटा कुठे हवा? ते सांगा.

सायली_शार्लट

काका, विचारतात. ज्या बाईंच्या घरी मी जाते त्या पंच्याहत्तरच्या आहेत. त्यांनी एकच हट्ट धरलाय, की विजेचे सगळे सॉकेट कमरेच्या वर हवेत. इन्स्पेक्टरपासून सगळ्यांना सांगून झालंय.

डॉक्टर_नको_म्हणा

अवांतर: हेलीनचा फटका देशभरातल्या हॉस्पिटलांना कसा बसला माहितीये? त्याच डोंगरात मॅरियनजवळ सलाईनच्या पिशव्या बनवणारा कारखाना आहे, देशाला लागणाऱ्या सलाईनचा निम्म्याहून जास्त वाटा तिथला. तो बुडाला. आम्ही इकडे शिकागोत पेशंटला "तोंडाने पाणी प्या" म्हणून काटकसर करत होतो.

केसफाईल_मीना

मी ह्या क्षेत्रात नोकरी करते, दुसऱ्या राज्यात. त्यामुळे जरा आतलं सांगते. लांब आहे.

घर बुडालं की पैशाची एक ठरलेली रांग असते. आधी विमा, मग फेमा, मग कर्ज, आणि हे सगळं होऊन जे उरतं त्याला आमच्या भाषेत "अनमेट नीड्स". २०१७ साली फेमाकडून एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३३,३०० डॉलर मिळू शकत होते आणि बहुतेकांच्या हातात त्याच्या जवळपासही काही पडलं नाही. आत चार फुटांपर्यंत भिजलेलं घर तेवढ्यात उभं राहत नाही. मग म्हातारी माणसं, एकटी आई, ज्यांच्या नावावर घराचे कागद नाहीत असे लोक त्या उरलेल्या खड्ड्यात राहतात. हे वर्षभरानंतर. टीव्हीवाले तोवर केव्हाच गेलेले असतात.

मग जिल्ह्यात एक गट तयार होतो, "लाँग टर्म रिकव्हरी ग्रुप". महिन्यातून एकदोनदा टेबलाभोवती बसायचं. मी फाईल वाचते, नाव न सांगता. "केस अमुक, दोघं म्हातारे, छप्पर झालंय, आतलं काम राहिलंय, सामानाचे अकरा हजार कमी पडतायत." मग टेबलावरून वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या संस्थांचे आवाज येतात. मेथडिस्ट म्हणतात, चार आमचे. कॅथलिक चॅरिटीज म्हणतं, तीन आमचे. कुणीतरी फ्रिज देतं. आणि मग मेनोनाइट गडी शांतपणे म्हणतो, माणसं आमची, दोन आठवडे. झाली केस. पुढची फाईल. भिशी पाहिलीये ना? तसंच, फक्त इथे नंबर ज्याला लागतो तो टेबलावर नसतो.

कामंही वाटलेली आहेत, वर्षानुवर्षांची. गोदाम आणि आलेल्या वस्तूंचा हिशोब ॲडव्हेंटिस्ट. लहान मुलांना सांभाळणं चर्च ऑफ द ब्रेदरन, म्हणजे आईबापांना रांगेत उभं राहता येतं. तैवानचे बौद्ध, त्झू ची, थेट पैशाचं कार्ड हातात देतात, वाकून, दोन्ही हातांनी. सोबत प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेलं ब्लँकेट. हा समन्वय आपोआप नाही झाला. १९६९ च्या कमील वादळानंतर सगळे एकाच गल्लीत धावले आणि बाकीच्या गल्ल्या कोरड्या, म्हणजे मदतीने कोरड्या राहिल्या. त्यातून १९७० मध्ये या संस्थांची एकत्र संघटना निघाली.

@निरीश्वर_पाटील, सरकार हात झटकतं हे अर्धं खरं आहे. पण एक गंमत बघा. स्वयंसेवकांचे तास रजिस्टरमध्ये नोंदवले तर त्यांची किंमत धरून सरकारी कामात राज्याने भरायच्या वाट्यात ती वळती करता येते. म्हणून सकाळी सही घेतात. सायली, सही केलीस ना? तुझा शनिवार गव्हर्नरच्या हिशोबात गेलाय.

आणि स्वॉनानोआच्या बाजूला अजून एक दुखणं आहे, खाजगी पूल. ओढ्यापलीकडे तीनचार घरं, त्यांचा स्वतःचा छोटा पूल. तो वाहून गेला. सार्वजनिक नाही म्हणून रस्तेखातं बांधणार नाही. पूल नाही तर काँक्रीटचा ट्रक जात नाही, ट्रक नाही तर घर नाही, आणि ॲम्ब्युलन्सही नाही. मेनोनाइट लोक असे पूल बांधून देतात. फोटोत काही दिसत नाही त्यात, दोन गर्डर आणि फळ्या.

बाळू_कट्टेकरी

मीनाताई, दंडवत. पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

बाय द वे, ही तर लग्नाची पंगत झाली. वाढपी वेगळे, पाणीवाला वेगळा, रुसलेल्या आत्याला समजावणारा वेगळा.

सनातनी_सुहास

सगळे भारावून गेलेत म्हणून एक आठवण करून देतो. समॅरिटन्स पर्सवाले काम संपलं की सगळ्यांच्या सह्या केलेलं बायबल घरमालकाच्या हातात ठेवतात. हे लपून केलेलं नाही, त्यांचं उद्दिष्टच ते आहे. आपल्या आदिवासी पाड्यांवर काय झालं ते माहीत असलेल्या माणसाला हे गोड वाटणार नाही. आपण आपलं देऊळ, आपला बॅनर घेऊन जावं. अनुमोदन क्रमांक दोनच्या गटाला.

टेक्सासतात्या

सुहासराव, आमच्या शेजाऱ्याला मिळालंय ते बायबल. सह्या आहेत चौदा. तो पंजाबी आहे, त्याने ते ग्रंथसाहिबाच्या पोथीखालच्या कप्प्यात ठेवलंय, म्हणाला, ह्या माणसांनी माझा फ्रिज उचललाय, वहीवर नावं आहेत त्यांची. नंतर कुणी त्याच्या दारात आलं नाही.

पाड्यावरच्या गोष्टीबद्दल मी इथे बोलणार नाही. ती वेगळी आणि मोठी आहे. पण टेक्सासमधल्या बुडालेल्या आयटीवाल्याला पाड्यावरच्या आदिवासीच्या जागी बसवू नका.

निरीश्वर_पाटील

तात्या, एवढ्यापुरता मी सुहासच्या बाजूने! (हे वाक्य स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.) घरमालक कितीही सुखवस्तू असो, संकटातल्या माणसाला ग्रंथ देणं मला अप्रशस्त वाटतं.

सनातनी_सुहास

@निरीश्वर_पाटील काढला.

सुपारीची_बाग

मी श्रीवर्धनजवळची. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्याच डोक्यावर आलं. लॉकडाऊन, त्यात हे. दोन तासांत सासऱ्यांनी चाळीस वर्षं जोपासलेली सुपारी आडवी. नारळ बुंध्यातून पिळल्यासारखे. घरावरचे पत्रे शेजारच्या वाडीत, शेजारच्यांचे आमच्या विहिरीत. वीज महिनाभर नव्हती.

मदत आली. आधी तांदूळ, मेणबत्त्या, ताडपत्र्या. मग काही दिवसांनी बैठकीची (धर्माधिकारींच्या श्रीसदस्यांची) माणसं आली, वाडीतली पडलेली झाडं तोडून वाट मोकळी करायला. आमच्याकडे कुणी बैठकीला जात नाही. मागच्या आळीतली मुसलमान मुलं करवत घेऊन आली, त्यांच्यासोबत मौलवीसाहेबही. कोणी आमच्याकडे काही मागितलं नाही, सासूबाईंनी मात्र चहा दिल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. चूल अंगणात, दूध पावडरीचं.

पण नंतर? सुपारीचं रोप लावल्यापासून उत्पन्न यायला सातआठ वर्षं. त्या वाट बघण्याच्या वर्षांत कोणी आलं नाही. दोष देत नाही, पण मीनाताईंनी लिहिलेलं ते टेबल वाचून वाटलं की आमच्या तालुक्यात असं टेबल असतं तर. तिसऱ्या वर्षी "रोपं आमची, मजुरी तुमची" म्हणणारं कोणी.

गवंडी_गिरीश

न्यू जर्सीत कन्स्ट्रक्शनचा धंदा आहे, वीस वर्षं. तुमचा हा श्रद्धा विरुद्ध विवेक वगैरे चालू द्या. मला कुणीतरी सांगा, मडिंग (ड्रायवॉलच्या सांध्यांत लांबी भरणं) कोण करतंय?

सँडी वादळानंतर (२०१२) मी अशा स्वयंसेवकांनी केलेली घरं दुरुस्त केली आहेत. भावना उत्तम. पण ड्रायवॉलच्या सांध्यावर इंचभर जाड थर थापलेला, तोही एकाच दिवसात. आत ओल तशीच, वर रंग. सहा महिन्यांत काळी बुरशी. भिंत तिरकी असेल तर प्रार्थनेने सरळ होत नाही, ती उतरवावी लागते. लाकडातली ओल मीटरने मोजा, पंधरा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भिंत झाकू नका. वीज आणि प्लंबिंगला परवाना असलेलाच माणूस. मंडळातल्या उत्साही काकांना स्क्रू गन देऊ नका.

पूर्वा_लँकेस्टर

गिरीशदादा, मग तुम्ही अमीश लोकांचं (जुन्या वळणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) काम बघाच. मी पेनसिल्व्हेनियात त्यांच्या शेजारीच राहते. आमच्या इथून बसेस भरून हेलीनने उद्ध्वस्त केलेल्या चिमनी रॉक गावाला गेले, गाडी स्वतः चालवत नाहीत ना, ड्रायव्हर वेगळा ठरवतात. मुख्य रस्त्यावरची दुकानं उभी करायला मदत केली. ह्यांच्याकडे गोठा जळाला तर सगळा समाज जमून एका दिवसात नवा सांगाडा उभा करतो, त्यामुळे हात बसलेला. हिवाळ्यात शेतात काम कमी, तेव्हाच जास्त जातात.

आमच्या दूधवाल्याला मी विचारलं, तुम्ही तिथे प्रवचन देता का? तो म्हणाला, आम्हाला बोलायला फारसं येत नाही. मेनोनाइटांबरोबर जातो, त्यांची ही संस्था १९५० सालची. घर झालं की बायकांनी शिवलेली गोधडी आणि बायबल देतात. गोधडी सुरेख असते, हाताने भरलेली. (सुहास, निदान गोधडी तरी घ्याल?)

सनातनी_सुहास

गोधडी घेईन. आजीच्या गोधडीशी तुलना करून सांगेन.

निरीश्वर_पाटील

ठीक. मीनाताईंचं आणि सुपारीताईंचं वाचून थोडा विचार केला. एक दुरुस्ती मात्र हवी. टिकून काम करणारे फक्त धार्मिकच असतात असा सूर लागतोय, तो चूक. टीम रुबिकॉन माजी सैनिकांची, हैतीच्या २०१० च्या भूकंपानंतर निघालेली. ऑल हँड्स अँड हार्ट्स आहे. देवाचा संबंध नाही, कामं चोख.

मग चर्चची माणसं संख्येने इतकी जास्त का? माझं उत्तर: देव नाही, रविवार. दर आठवड्याला तीच दोनशे माणसं एका छताखाली येतात, दाराशी एक कागद लटकवला की चाळीस नावं लागतात. तळघरात पन्नास खाटा मावतात, मोठं स्वयंपाकघर आहे, शॉवर आहेत, बस आहे. निवृत्त लोक आपापली फिरती घरं घेऊन हिवाळाभर साइटवरच मुक्काम ठोकतात. आपल्या मंडळाची माणसं भेटतात कधी? गणपती, दिवाळी, कोजागिरी. हॉल भाड्याचा, दहा वाजता रिकामा करा.

मोहनकाका_उदगीर

पाटीलसाहेब, हे मात्र बरोबर बोललात. आपल्याकडे ही व्यवस्था वारीत आहे बघा. दिंडीचा ट्रक पुढे, टँकर, राहुट्या, भाकरी थापणाऱ्या बायका, मुक्काम ठरलेले, विणेकरी ठरलेला, नोंदवही ठरलेली. वीस दिवस हजारो माणसं कुणाच्या आदेशाशिवाय हलतात. ती दिंडी कार्तिकीनंतर पूरग्रस्त गावात मुक्कामाला गेली तर काय होईल, असं मला किल्लारीपासून वाटत आलंय.

नियामक

धागा फिरून फिरून पाड्यांवर जातोय. दोन प्रतिसाद उडवले आहेत. मूळ प्रश्नावर या.

बाळू_कट्टेकरी

उडवलेल्यांत माझा एक होता आणि तो फक्त विनोद होता. निषेध.

सायली_शार्लट

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. कालच्या शनिवारी जाऊन आलो. वृत्तांत.

बारा म्हणता म्हणता सात जण निघालो. बॅनरवाला गट आला नाही. पैसेवाल्या गटाने मात्र शब्द पाळला, इन्सुलेशनचे पैसे त्यांनी भरले. आणि कोण आलं असेल? ग्रुपवर "धर्मांतराचं दुकान" लिहिणारे गृहस्थ. मुलाला शाळेसाठी सेवेचे तास हवेत, आणि सर्टिफिकेटवर सही करणारा इतका जवळ दुसरा कुणी सापडला नाही.

सकाळच्या गोलात ते हाताची घडी घालून जरा मागे उभे राहिले. कुणी काही म्हटलं नाही. टीमचा म्होरक्या (निवृत्त इलेक्ट्रिशियन, परवाना आहे, गिरीशदादा) प्रार्थना संपवून म्हणाला, तुमच्यापैकी कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा, नसेल तर हातमोजे तिकडे आहेत. आम्ही सगळे हातमोज्यांकडे गेलो.

मी त्याला जेवणाच्या वेळी निरीश्वरजींचा प्रश्न विचारला, की माणूस नाही कसं म्हणणार? तो म्हणाला, म्हणतात की. दहात एखादा म्हणतो. मग आम्ही व्हॅनमध्ये बसून करतो. आणि थोडं थांबून म्हणाला की पूर्वी आम्ही काम सुरू करायच्या आधी विचारायचो, ते बंद केलं, कारण तेव्हा माणूस खरंच नाही म्हणू शकत नाही. आता काम संपून सामान गाडीत गेल्यावर विचारतो.

@मोहनकाका, सॉकेट कमरेच्या वरच बसले. बाई प्रत्येक सॉकेटपाशी उभ्या राहून मापून बघत होत्या. आम्ही पोहे नेले होते, त्यांनी दोनदा घेतले आणि शेंगदाणे कुठले ते विचारलं.

पुढची फेरी दोन आठवड्यांनी. तेव्हा सांधे भरायचं काम आहे. गृहस्थ पुन्हा येतायत, मुलाचे तास पूर्ण झालेत तरी. म्हणाले, सुरू केलेली भिंत अर्धी टाकवत नाही.

निरीश्वर_पाटील

काम संपल्यावर विचारणं, हे बरं केलं त्यांनी. माझा आक्षेप निम्मा मागे. उरलेला निम्मा बायबलसाठी ठेवतो.

इन्सुलेशनचे पैसे अजून घेत असाल तर कुठे पाठवायचे ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

गवंडी_गिरीश

सांधे?? थांबा. कुणीही मडिंगला हात लावू नका. पहिला थर, कागदी टेप, सुकू देणे, दुसरा थर, सुकू देणे, तिसरा, मग सँडिंग. एका शनिवारात होत नाही. न्यूअर्कहून शुक्रवारी रात्रीचं विमान बघतोय, माझे ट्रॉवेल घेऊन येतो. रविवारीही थांबावं लागेल. तुमच्या त्या इलेक्ट्रिशियनला विचारा, रविवारी चालेल का, की त्यांचं चर्च असतं?

सायली_शार्लट

विचारलं. म्हणाला, सकाळी अकरानंतर चालेल. तोवर तुम्ही पहिला थर घासून ठेवा म्हणाला.